चाळीस फुटी ट्रेलरची शिलाई

बऱ्हाणपूरच्या रस्त्यावरून धावणारी एखादी मोठी गाडी असेल आणि तिच्या कमरेचं माप आमच्या मास्तरांना ठाऊक नसेल, तर ती गाडी एक तर चोरीची असणार, नाहीतर अजून कारखान्यातून बाहेरच पडलेली नसणार. हे मी कौतुकानं सांगत नाही. गाडीवर व्हिनाइल, म्हणजे जाहिरातीचा छापील स्टिकर, चढवायचा भाव सांगायला जगात सगळीकडे दोन मिनिटं पुरतात. लांबी गुणिले उंची, गुणिले फुटाचा दर, वर मजुरी. पत्र्याला पन्हाळ्या असतील किंवा जुन्या स्टिकरचा गोंद खरवडावा लागणार असेल तर थोडे जास्त. संपलं. आमच्या दुकानात ह्याच कामाला दीड तास लागायचा. त्या दीड तासात मी हिशेबाचं काम उरकायची, दोन फोन करायची, भाजी निवडून घ्यायची, आणि तरी मास्तर गाडीच्या डाव्या खांद्यापर्यंतच पोचलेले असायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. टेलर मास्तर. बुधवाऱ्यात त्यांचं गल्लीच्या तोंडाशी दुकान होतं, आणि निम्म्या गावाच्या विजारी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. पुढे तयार कपड्यांची मोठी दुकानं आली, लोक आरशासमोर उभं राहून पाच मिनिटांत पँट घ्यायला लागले, आणि मास्तरांकडे उरली ती लांबी कमी करून द्यायची कामं. एक दिवस त्यांनी दुकान बंद केलं आणि वरच्या खोलीत राहायला लागले. बायको आधीच गेली होती. मुलगा सुरतेला. टेप मात्र गळ्यात तशीच राहिली. काही माणसं चष्मा कपाळावर विसरतात, तशी मास्तर टेप गळ्यात विसरले होते. त्यांना देवळात टेपसकट पाहिलेलं मला आठवतं. पुजाऱ्यानं गळ्यात हार घातला तर त्यांनी आधी टेप सारखी केली.

माझ्या नवऱ्याचे कपडे त्यांनी वीस-बावीस वर्षं शिवले. नवरा फ्लेक्सची पोस्टरं छापायचा, मग त्यानं मोठं मशीन घेतलं आणि गाड्यांना व्हिनाइल चढवायचं काम सुरू केलं. आणि काम जरा बसतंय तोवर पोटाच्या आजारानं तो गेला. उशिरा कळलं. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी दुकान उघडलं. नातेवाइकांनी एवढी घाई कशाला म्हणून विचारलं. मशीन बंद ठेवलं की नळ्यांत शाई वाळते, म्हणून उघडलं. त्याच दिवशी मास्तर कागदात गुंडाळलेलं शर्टाचं कापड घेऊन आले. "भाऊंनी दिलं होतं. कापायचं राहून गेलं," म्हणाले. मी ते खालच्या खणात ठेवलं. दुकानाबाहेर एक बस उभी होती आणि आमचा फिटर एकटाच लोखंडी टेपनं तिची लांबी घेत होता. टेपचं एक टोक सारखं सुटत होतं. मास्तरांनी दोन मिनिटं ते पाहिलं. मग त्यांच्यानं राहवलं नाही. गळ्यातली टेप काढली, खिशातला खडू काढला आणि बसच्या मागच्या अंगानं जाऊन तिला म्हणाले, "सरळ उभी राहा."

बस आधीच सरळ उभी होती. पण मास्तर दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले, आणि मग येतच राहिले.

शिंप्याची टेप पाच फुटांची आणि ट्रेलर चाळीस फुटांचा. म्हणजे आठ वेळा टेप लावायची आणि आठ वेळा खडूची खूण करायची. मी शंभर फुटी टेप विकत आणून दिली. ती त्यांनी दोन दिवस हातात धरली आणि तिसऱ्या दिवशी परत केली. "वहिनी, लोखंडाची टेप अंगाला लागते," म्हणाले. कुणाच्या अंगाला, हे मी विचारलं नाही. त्यांची टेप खरोखरच पत्र्यावर अशी बसायची की जणू आत कुणी गुदगुल्या होऊन हसेल. उन्हातून आलेल्या गाडीच्या दारावर ते आधी तळहात ठेवायचे, आणि गाडी तापलेली असेल तर म्हणायचे, "दमलीये. बसू द्या जरा." तापलेल्या पत्र्यावर व्हिनाइल नीट बसत नाही हे खरंच आहे, पण कंपन्यांच्या कागदांवर ते असं लिहिलेलं नसतं.

माप ते मोठ्यानं कधी सांगत नसत. चारचौघांत गिऱ्हाइकाचं माप उच्चारायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. अंगणात तीन गाड्या उभ्या असल्या की ते माझ्या टेबलापाशी यायचे, वाकायचे आणि कानाशी पुटपुटायचे, "घेर एकवीस. मागून जरा रुंद आहे." लांबून बघणाऱ्याला वाटावं, एखाद्या घरातली भानगड सांगताहेत. ड्रायव्हर लोक कावरेबावरे व्हायचे. एकदा एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, गाडी में कुछ निकला क्या?"

लिहायचेही ते शिंप्याच्याच भाषेत. केबिनचं कपाळ म्हणजे खांदा, बाजूचा पत्रा म्हणजे पाठ, दारं म्हणजे बाह्या, हत्यारांच्या पेट्या म्हणजे खिसे, कडी-कोयंड्याची भोकं म्हणजे काजं. सुरुवातीला मी घाईत त्यांचाच कागद बिलाला जोडून एका बिस्किट कंपनीला पाठवला. चार दिवसांनी तिथल्या हिशेबनिसाचा फोन आला. "मॅडम, ये 'दो खिसे, झाकण के साथ' हमने कब बनवाए?" मी त्याला समजावून सांगितलं. त्यानंही समजून घेतलं आणि पैसे दिले. वर विचारलं की मास्टरजी सफारी शिवतात का.

आणि माया. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, पुढे उसवून मोठं करायला, त्याला शिंपी माया म्हणतात. शाळेच्या गणवेशात दोन बोटं ठेवायची म्हणजे पोरगं वाढलं तरी दोन वर्षं निघतात. मास्तर ट्रेलरलाही दोन बोटं माया धरायचे. व्हिनाइल फुकट येत नाही. मी विचारलं, "मास्तर, ट्रेलर वाढतो का?" ते गंभीरपणे म्हणाले, "माल भरला की फुगतो. रिकाम्या पोटी माप घेऊन चालत नाही, वहिनी." पुढे मी स्वतः जाऊन पाहिलं. भरलेल्या गाडीचा पत्रा खरंच बोटभर बाहेर येतो. ते मी त्यांना कबूल केलं नाही. दोन बोटांचं एक बोट करायला लावलं.

ट्रायलचं खूळ मात्र मी मोडून काढू शकले नाही. धूलकोटचा एक दूधवाला आपल्या पिकअपला डेअरीचं नाव चढवायला आला. मास्तरांनी माप घेतलं आणि सांगितलं, "मंगळवारी ट्रायलला या." मंगळवारी तो बिचारा कॅन घेऊन तसाच आला. मास्तरांनी जुन्या वर्तमानपत्रांचे कपटे कापून त्याच्या गाडीला सगळीकडून चिकटवले, चार पावलं मागे गेले, मान तिरकी केली, परत पुढे येऊन दारावरचा कागद अर्धा बोट वर सरकवला. दूधवाला टपावर हात ठेवून उभा. "मास्तर, मी दूध घालाले आलो का लग्नाचा सूट शिवाले?" मास्तर तोंडातली टाचणी न काढता म्हणाले, "हलू नका." पत्र्याला टाचणी टोचता येत नाही, पण ती तोंडात असल्याशिवाय त्यांना नीट दिसत नसे. दूधवाला नंतर उगाचच थांबायला लागला. डेअरीची दुसरी गाडी घेतली तेव्हा त्यानं आधी विचारलं, "मास्तर हायेत ना? मंग येतो."

पण खरी पंचाईत भावाची. पहिल्याच महिन्यात एका दिवशी चाळीस फुटी ट्रेलर आणि एक छोटा पिकअप एकदमच आले. मास्तरांनी दोघांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, घडी घातली आणि माझ्या हातात दिल्या. भाव ते तोंडानं सांगत नसत, तोही कागदावरच. उघडून पाहते तर दोन्ही गाड्यांची मजुरी एकच. मला वाटलं चुकून झालं.

"मास्तर, हा चाळीस फुटांचा आहे. ह्याला दोन माणसं तीन दिवस लागतील."

"लागू द्या ना. शिलाई एकच असते."

"एकच कशी असेल? एवढा फरक डोळ्यांना दिसतोय."

"वहिनी," ते खुर्ची ओढून बसले, "सिंधीपुऱ्यात एक मिठाईवाले शेठ होते. त्यांच्या कुडत्यात दोघं मावले असते. तीस वर्षं शिवला. शिलाई कधी एक रुपया जास्त नाही घेतली. जाड्या माणसाला जास्त पैसे सांगायचे म्हणजे तोंडावर म्हणायचं ना, की बाबा तू जाडा आहेस?"

"आणि कापड?"

"कापड त्याचं. जेवढं लागेल तेवढं त्यानं आणायचं."

माणूस आपल्या जागी बरोबरच होता, फक्त जागा चुकली होती. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी रात्रभर विचार वगैरे केला नाही, पाच मिनिटांत उपाय काढला. बिलाचे दोन भाग केले, कापड आणि शिलाई. शिलाई मास्तरांनी ठरवायची, सगळ्यांना सारखी. कापडाचा फुटाचा दर मी ठरवायचा, आणि खरी मजुरी त्यातच बसवून टाकायची. बऱ्हाणपूर पडलं मागांचं गाव. इथं कापड आणि शिलाई वेगळी हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गिऱ्हाइकं खूश, मास्तर खूश. त्यांनी हळूच मला सांगितलंसुद्धा, "बघा, पटलं ना लोकांना?" आजपर्यंत त्यांना खरं माहीत नाही.

एवढं सगळं करून दीड तास होत नाही हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. उरलेला वेळ चौकशीत जायचा. गाडी कुठं जाणार, घरी कोण असतं, जेवण वेळेवर होतं का, झोप लागते का. आणि त्यातच एक विचित्र प्रश्न ते प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचे. नजर त्याच्या कमरेवर, आणि प्रश्न: "पँट सैल झालीये का?" कुणी हसायचं, कुणी चिडायचं. एक जण म्हणाला, "मेरी नहीं है मास्टरजी, भाई की है." त्यावर, मग तुमची कुठे आहे, तीही सैल झाली का, इथपर्यंत चौकशी गेली. एका भुसावळच्या ड्रायव्हरला तर त्यांनी भाव सांगायलाच नकार दिला. आधी रक्त तपासून ये म्हणाले, मग भाव. तो तणतणत गेला. दुसऱ्या दिवशी कागद नाचवत आला, "सब नॉर्मल है! अब रेट बोलो!" मास्तरांनी कागद चष्मा लावून वाचला, परत घडी घालून दिला आणि म्हणाले, "बरं झालं. आता बसा, चहा घ्या." भाव त्यानंतर अर्ध्या तासानं.

मला ह्याचा राग यायचा. हा काय दवाखाना आहे का, असं मी दोन वेळा बोललेही. पण मला वाटायचं, एकटा माणूस आहे, बोलायला कुणी नाही, म्हणून लांबवतो. तेही काही खोटं नव्हतं. दुकान अकराला उघडायचं, मास्तर दहाला पायरीवर हजर. पाडव्याच्या दिवशी मी दिवा लावायला म्हणून सहज गेले, तर बंद शटरसमोर मास्तर. टेपनं शटरची रुंदी घेत होते. मला बघून जरा ओशाळले. "मागच्या वर्षीपेक्षा अर्धा इंच वाकलंय," म्हणाले. मी शटर उघडलं, दिवा लावला, दोघांनी एक-एक पेढा खाल्ला आणि मी घरी आले. घरी मीही एकटीच होते, पण मी शटरं मोजत बसले नाही.

त्याच सुमारास देशभर एकच कर लागू झाला. राज्याच्या सीमेवरच्या चौकीतल्या रांगा गेल्या. पूर्वी ड्रायव्हर लोक तिकडे दोन-दोन दिवस खोळंबायचे, त्यातला दीड तास मास्तरांना दिला तर त्यांचं काही बिघडत नव्हतं. आता गाडी थांबली की मालकाचा फोन. मोठ्या कंपन्यांना चेन्नईपासून जम्मूपर्यंत सगळीकडे एकसारखी गाडी, एकसारखा रंग आणि एकच भाव हवा झाला. इंदूरच्या एका कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. बारा ट्रेलर. "मॅडम, मॉडेल भेज दिया है, एक घंटे में रेट बोल दीजिए."

मी सवयीनं म्हणाले, "माप लेना पडेगा."

"माप तो छपा हुआ है मॅडम. कंपनी की बॉडी है, एक इंच का फरक नहीं. आप बस चार्ट बना दीजिए. जिस के पास चार्ट है, काम उसी का."

ते खरं होतं. मी घरी बसून एका संध्याकाळी चार्ट केला. सतरा फुटी, बावीस फुटी, बत्तीस फुटी, चाळीस फुटी. पूर्ण गाडी, दोन बाजू, नुसतं मागचं दार. प्रत्येकापुढे आकडा. काम मिळालं. चार्ट छापून, त्याला प्लास्टिक चढवून आणला आणि खालच्या खणात ठेवला, त्या शर्टाच्या कापडावर. भिंतीला लावायचा होता. पण तो भिंतीला लागला की मास्तरांनी दहाला येऊन करायचं काय? त्यांना बसवून नीट सांगावं, असं रोज सकाळी ठरवायची. मी सहसा कामं टाळत नाही. मशीन विकायला सांगणाऱ्या दिरांना मी एका वाक्यात गप्प केलं होतं. पण हे नऊ दिवस टाळलं.

दहाव्या दिवशी मास्तरच खडू शोधायला खणात वाकले. चार्ट बाहेर काढला, उजेडात धरला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, बोट फिरवत. सतरा, बावीस, बत्तीस, चाळीस.

"म्हणजे स्मॉल, मिडियम, लार्ज," म्हणाले. थोडं थांबून, "आणि डबल लार्ज."

"मास्तर, कंपनीवाल्यांना लागतो. त्यांच्यासाठी आहे."

"नाही नाही, छान झालाय. अक्षर चांगलं उठलंय." मग स्वतःच विचारलं, "कुठे लावायचा?" आणि खुर्चीवर चढून, टेपनं भिंतीचा मध्य काढून, त्यांनीच तो लावला. अगदी सरळ. खुर्चीवरून उतरताना मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

त्यानंतरही ते येत होते. दहालाच. ड्रायव्हर यायचे, भिंतीकडे बघायचे, आकडा मोबाईलमध्ये टिपून जायचे. कुणी मास्तरांना नमस्कार करायचं, तेवढंच. इंदूरचे ट्रेलर आले. आता इथं मी सांगायला हवं की छापील माप चुकलं, व्हिनाइल कमी पडलं आणि मास्तरांचीच टेप कामी आली. तसं काहीही झालं नाही. बाराच्या बारा बरोबर बसले. अर्ध्या वेळात. मास्तर पहिल्या ट्रेलरभोवती एक फेरी मारून आले, हात पाठीमागे बांधून. "कुठं झोळ नाही," म्हणाले. जाताना खडूची डबी टेबलावर ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मी बुधवाऱ्यात गेले. त्यांच्या खोलीत मी आधी कधी गेले नव्हते. वर जायचा जिना अरुंद, आत एक खाट, एक शिलाई मशीन, आणि भिंतीला लागून मापाच्या वह्यांची थप्पी माझ्या खांद्याएवढी. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव, मापं, आणि कापडाचा इवलासा तुकडा टाचलेला. मास्तर वह्या सुतळीनं बांधत होते. मुलगा रविवारी न्यायला येणार होता.

"चार्ट काढून टाकते," मी म्हणाले. हे मी ठरवून गेले नव्हते.

"कशाला? चांगला आहे." त्यांनी मला खाटेवर बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग थप्पीतून एक वही ओढली, पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. वर माझ्या नवऱ्याचं नाव. बाजूला निळ्या चौकटीच्या शर्टाचा तुकडा, जो शर्ट मला चांगला आठवत होता. खाली वर्षांमागून वर्षांची मापं. कंबर चौतीस, पस्तीस, छत्तीस, अडतीस, लग्नानंतर सुखानं वाढत गेलेली. मग एकाच वर्षात दोन ओळी. छत्तीस. चौतीस.

"दिवाळीला दोन इंच आत घेतली. होळीला परत दोन," मास्तर म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "मला तेव्हाच दिसलं होतं, वहिनी. तोंडापर्यंत आलं होतं. पण गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल बोलायचं नसतं, वडिलांनी शिकवलेलं. भाऊ म्हणाले, मास्तर, बारीक झालो बघा, आता हिरोसारखी शिवा. मी शिवून दिली."

खाली गल्लीत कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"म्हणून विचारतो मी आता," ते म्हणाले. "भाव काय, नंतर सांगता येतो."

सहा महिने आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले होते. खरं सांगायचं तर मला मास्तरांचा भयंकर राग आला. दोन शब्द सुनवावेत म्हणून मी तोंडही उघडलं. आणि मग मला तो पट्टा आठवला. नवऱ्याची पँट राहत नव्हती तेव्हा पट्ट्याला नवं भोक मीच पाडलं होतं. गॅसवर खिळा तापवून. होळीच्या आधी एकदा, नंतर एकदा. दोन्ही भोकं अगदी सरळ रेषेत पाडली होती, आणि कामं कशी झटपट उरकते म्हणून तो मला हसला होता.

"पट्ट्याला भोकं मी पाडली होती, मास्तर," मी म्हणाले. "दोनदा."

मास्तरांनी वही मिटली. मग मी म्हणाले, उद्या दहाला या. भाव छापलाय, पण विचारायला माणूस लागतो. ते हसले. "बघू," म्हणाले. रविवारी मुलगा आला आणि त्यांना घेऊन गेला. वह्या सुरतेच्या फ्लॅटमध्ये मावणार नव्हत्या, म्हणून त्या आता माझ्या दुकानात आहेत, मशीनच्या मागे. तेवढी एक वही मात्र ते बरोबर घेऊन गेले. मी मागितली नाही.

दुकान ठीक चाललंय. चार्ट भिंतीवर आहे. कधीकधी मी ड्रायव्हरला विचारून बघते, घरी कोण कोण असतं, जेवला का. पण माझ्या तोंडी ते चौकीवरच्या शिपायासारखं वाटत असावं, कारण ते लगेच कागदपत्रं काढतात. धूलकोटचा दूधवाला अजून येतो, चार्टकडे पाठ करून बसतो आणि म्हणतो, "तुम्हीच काय तं सांगा, ताई. मी वाचत नाही ते."

मुलाचा फ्लॅट सुरतेत बायपासच्या कडेला आहे, सहाव्या मजल्यावर. मास्तर दिवसभर गॅलरीत बसतात. महिन्यातून दोन-तीनदा त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, काही नाही. "वहिनी, आपला चाळीस फुटी आत्ता गेला. मागच्या डाव्या बाहीला झोळ आलाय, दोन बोटं. माया ठेवली नाही ना?" सहाव्या मजल्यावरून त्यांना दोन बोटं दिसतात, ह्यावर मी वाद घालत नाही. गाडीचा नंबर लिहून घेते. ती गाडी पुढे दुकानाशी आली की बघते, आणि बहुतेक वेळा झोळ नसतोच.

मग जरा थांबून ते विचारतात. बाईमाणसाला तिच्या अंगाबद्दल काय विचारणार? म्हणून त्यांनी त्यातून आपली एक वाट काढली आहे.

"घड्याळाचा पट्टा कितव्या भोकात लावता, वहिनी?"

"तिसऱ्या."

"मागच्या खेपेला?"

"तिसऱ्याच."

"बरं," म्हणतात, आणि कागदावर काहीतरी टिपल्यासारखा आवाज येतो.

उत्तर मी न बघताच देते. फोन ठेवल्यावर मात्र एकदा बघून घेते.